अंतराचा हिशेब : वन्यजीव आणि निसर्गदृश्यांच्या छायाचित्रणातील लेन्स व फिल्टर

ताडोब्याला किंवा पेंचला जाण्याच्या तयारीत असलेला हौशी छायाचित्रकार एखाद्या अनुभवी स्नेह्याला जो पहिला प्रश्न विचारतो तो बहुधा ‘किती मिलिमीटरची लेन्स घेऊ?’ असा असतो, आणि कोकणकड्यावरचा सूर्यास्त टिपायला निघालेला त्याचाच भाऊबंद ‘याहून वाइड काही मिळेल का?’ अशी पृच्छा करतो. दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत आहे : वन्यप्राण्यांना लांब लेन्स आणि निसर्गदृश्यांना रुंद लेन्स, हा निवाडा कधीच दफ्तरी दाखल झालेला असून आता केवळ त्याची अंमलबजावणी, म्हणजे खरेदी, तेवढी उरलेली आहे. हा निवाडा फेरतपासणीस घेण्याजोगा आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आपल्याला कोठे उभे राहण्याची मुभा आहे, तेथून विषय किती दूर आहे, आणि त्या घटकेला उजेड किती आहे, या तीन गोष्टी ठरल्या म्हणजे लेन्स जवळजवळ आपोआप ठरते. परंतु त्या न ठरवता केवळ दुकानदाराच्या शिफारशीवरून घेतलेली लेन्स, ती कितीही महागाची असली तरी, कपाटाची शोभा वाढविण्यापलीकडे फारसे काही करीत नाही.

अंतराचा हिशेब शाळेतल्या त्रैराशिकाहून कठीण नाही. ज्याला पूर्ण फ्रेमचा म्हणतात त्या कॅमेऱ्याच्या संवेदकाची रुंदी ३६ मिलिमीटर असते. तेव्हा ४०० मिलिमीटर नाभीय अंतराची लेन्स लावून ३० मीटरवर उभ्या असलेल्या वाघाकडे पाहिले, तर चौकटीत २.७ मीटर रुंद आणि १.८ मीटर उंच एवढा प्रदेश मावतो. याचा अर्थ असा, की आडवा उभा असलेला वाघ शेपटीसकट त्या चौकटीत जेमतेम बसेल आणि त्याच्या मागच्या बांबूच्या बेटाला फारशी जागा उरणार नाही. हाच वाघ १५ मीटरवर आला, तर ४०० मिलिमीटरला केवळ त्याचे डोके व खांदे टिपता येतात. उलट, बोटाएवढ्या चोचीचा, १५ सेंटिमीटर लांबीचा एखादा पक्षी १० मीटरवरच्या फांदीवर बसला असता, ६०० मिलिमीटरची जंगी लेन्स लावूनही चौकटीची रुंदी ६० सेंटिमीटर राहते आणि पक्ष्याच्या वाट्याला तिचा चौथा हिस्साच येतो. वाघासाठी म्हणून सर्वांत लांब लेन्स घेणारे आणि पक्ष्यांसाठी ‘तीनशे पुरे’ म्हणणारे, असे दोन्ही पक्षांचे लोक या हिशेबाच्या अगदी उलट वागत असतात. संवेदक लहान, म्हणजे दीडपट क्रॉपचा असेल, तर ४०० मिलिमीटरची लेन्स चौकटीपुरती ६०० मिलिमीटरसारखी वागते. ही सवलत पक्षीनिरीक्षकाच्या फार उपयोगाची असून, तिच्यापायी खर्चात होणारी कपात लक्षात घेता तिला दुय्यम मानण्याचे कारण नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. दूरच्या डोंगररांगा एकमेकींवर रचल्यासारख्या दिसतात त्याचे श्रेय लांब लेन्सला दिले जाते, आणि जवळचा दगड अवाढव्य दिसून मागचा किल्ला खुजा दिसतो त्याचे खापर रुंद लेन्सवर फोडले जाते. वस्तुतः यथादर्शन हे केवळ उभे राहण्याच्या जागेवर अवलंबून असते. लेन्स त्या जागेवरून दिसणाऱ्या दृश्याचा किती भाग कापून घ्यायचा एवढेच ठरविते. पाय न हलविता झूम फिरविल्याने दृश्यातील वस्तूंचे परस्परप्रमाण तिळमात्र बदलत नाही. हे एकदा पटले, की ‘कोणती लेन्स’ या प्रश्नाआधी ‘कोठून’ हा प्रश्न येतो, आणि अभयारण्यात त्याचे उत्तर बहुतेक वेळा आपल्या हाती नसते : जिप्सीने रस्ता सोडायचा नाही, प्रवाशाने खाली उतरायचे नाही, आणि वाघाने कोठे बसावे याविषयी कोणाचाही हुकूम चालत नाही.

पूर्वसूरींची अडचण याहून मोठी होती. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांचे व्याघ्रभूमीतील छायाचित्रणावरचे पुस्तक १९२७ साली प्रसिद्ध झाले. त्यातील गाजलेली रात्रीची चित्रे लांब लेन्सची नव्हेत, तर वाटेवर ताणलेल्या तारेला वाघाचा पाय लागताच उडणाऱ्या झगझगाटाची आहेत. दूरवरून पाहणे शक्य नव्हते म्हणून चॅम्पियन यांनी अंतरच नाहीसे केले आणि त्या ठिकाणी स्वतः न राहण्याची तजवीज केली. टेलिफोटो रचना १८९१ पासून, टॉमस डॉलमायर यांच्या वेळेपासून, उपलब्ध होती खरी. परंतु लांब नाभीय अंतराबरोबर वाढणारा रंगदोष, म्हणजे निरनिराळ्या रंगांचे किरण एकाच बिंदूत न मिळणे, हा तिचा जन्मजात विकार होता. कृत्रिमरीत्या वाढविलेल्या फ्लोराइटच्या स्फटिकाने त्याच्यावर इलाज केला. कॅननने १९६९ साली असे भिंग बसविलेली ३०० मिलिमीटरची लेन्स बाजारात आणली, आणि पुढे अल्प अपस्करणाच्या काचा सर्वच निर्मात्यांनी स्वीकारल्या. तरीही मध्यमवर्गीय भारतीय हौशी माणसाच्या दृष्टीने खरी क्रांती त्यानंतर कितीतरी वर्षांनी, २०१३ ते २०१५ या काळात झाली : टॅमरॉन आणि सिग्मा यांच्या १५०-६०० आणि निकॉनची २००-५०० या झूम लेन्स आल्या, आणि जे नाभीय अंतर तोवर केवळ संस्थानिकांना किंवा वृत्तसंस्थांना परवडत असे, ते कर्ज न काढता घेता येऊ लागले.

अशा झूम लेन्सच्या विरुद्ध नेहमी केली जाणारी तक्रार उजेडाची आहे आणि ती खोटी नाही. ६०० मिलिमीटर एफ/४ या लेन्सचे प्रकाशद्वार १५० मिलिमीटर व्यासाचे असते, तर एफ/६.३ चे जेमतेम ९५. पहिलीतून दुसरीच्या सुमारे अडीचपट प्रकाश येतो, आणि पहाटे सहा वाजता, सागवानाच्या सावलीत, ही अडीचपट म्हणजे वाघाच्या पावलाची हालचाल गोठणे आणि ती फरफटणे यांतला फरक असतो. मात्र या फायद्याचा जमाखर्च मांडू गेल्यास दुसऱ्या बाजूला दहा लाख रुपयांच्या वरची किंमत आणि नव्या हलक्या घडणीतसुद्धा सुमारे तीन किलो वजन येते. जिप्सीत सहा माणसे बसलेली असताना असली लेन्स डावीकडून उजवीकडे वळविणे हे स्वतंत्र शास्त्र आहे. कित्येकदा ती वळेपर्यंत बिबट्या रस्ता ओलांडून गेलेला असतो. शिवाय १५ मीटरवर ६०० मिलिमीटर एफ/४ ने सुस्पष्ट दिसणारी खोली सुमारे १५ सेंटिमीटर एवढीच असते. वाघ समोर तोंड करून बसला असेल, तर डोळा तीक्ष्ण आणि नाक व कान दोन्ही धूसर, अशी स्थिती होते, आणि मग एवढा पैसा ओतून मिळविलेले छिद्र हाताने लहान करावे लागते.

आजच्या संवेदकांची आयएसओची सहनशक्ती आणि चित्रातील नॉइज घालविणारी सॉफ्टवेअर पाहता, ज्याला छायाचित्रणावर उदरनिर्वाह करावयाचा नाही त्याने १००-४००, २००-६०० किंवा १८०-६०० या वर्गातील एक झूम घ्यावी आणि एफ/४ ची लालसा भाड्याच्या लेन्सवर भागवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मुंबई-पुण्यात अशा लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात, आणि त्या बाळगण्याचा शारीरिक अनुभव एकदा घेतल्यावर विकत घेण्याचा विचार पुष्कळांच्या डोक्यातून आपोआप निघून जातो. दोन टोकांच्या मधली एक वाट मात्र आवर्जून सांगितली पाहिजे : विवर्तनाच्या तत्त्वावर चालणारे भिंग वापरून केलेल्या आखूड प्राइम लेन्स. निकॉनची २०१८ सालची ५०० मिलिमीटर एफ/५.६ ही दीड किलोच्या आत बसते आणि पाठीवरच्या पिशवीत मावते. चालत हिंडणाऱ्या पक्षीनिरीक्षकाला तिच्याइतकी सोयीची वस्तू क्वचितच मिळेल.

टेलिकन्व्हर्टरविषयी थोडक्यात आटोपता येईल. १.४ पटीचा एक स्टॉप उजेड खातो, दुप्पट करणारा दोन. पहिला चांगल्या प्राइमवर खपतो, दुसरा एफ/६.३ च्या झूमवर लावणे म्हणजे अंधाराला आमंत्रण होय. आरशाच्या ५०० मिलिमीटर एफ/८ लेन्स स्वस्त व हलक्या खऱ्या, पण त्यांच्या पार्श्वभूमीतील प्रत्येक चकाकणारा बिंदू मेदुवड्यासारखा भोक पडलेला दिसतो, आणि पाण्यावरचे चित्र असेल तर असे वडे शेकड्याने मोजता येतात. अस्थिरता शमविणारी यंत्रणा हात थरथरण्यावर उपाय आहे, हरणाच्या धावण्यावर नव्हे; हा भेद न कळल्यामुळे एक-साठांश सेकंदावर काळविटाची उडी टिपू पाहणारे लोक नंतर लेन्सला दोष देतात.

ज्यावर कोणत्याही किमतीची लेन्स इलाज करू शकत नाही अशी एक गोष्ट विदर्भात जाणाऱ्याने आधीच समजून घ्यावी. ताडोब्यात वाघ हटकून दिसण्याचा मोसम एप्रिल-मेचा, कारण तेव्हा पाणवठे आटून प्राणी मोजक्या पाण्यावर येतात. नेमक्या त्याच दिवसांत चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो आणि तापलेल्या जमिनीवरून उठणारे हवेचे थर प्रकाशकिरणांना सतत वेडेवाकडे वाकवीत राहतात. सकाळी नऊनंतर तलावापलीकडच्या, दीडशे मीटरवरच्या वाघाचे जे चित्र मिळते, ते ६०० मिलिमीटरने घेतले काय आणि ८०० ने घेतले काय, पट्टे विरघळल्यासारखेच येते. नाभीय अंतर वाढविल्याने हवेचा थरथराटही तितकाच मोठा होतो. अशा वेळी लेन्स आखूड करून तलाव, पलीकडची झाडी आणि तिच्यात ठिपक्याएवढा वाघ असे चित्र घेणारा माणूस शहाणा. त्या चित्रात जनावराचा मुलूखही दिसतो, जो दाढीमिशांच्या हजारो निकट चित्रांत कोठेच दिसत नाही.

टेकू म्हणून जिप्सीत तिपाई निरुपयोगी ठरते. बीन बॅग रिकामी न्यावी आणि मुक्कामाच्या गावी वाण्याकडून चार किलो तांदूळ किंवा ज्वारी घेऊन भरावी, हा परिपाठ उत्तम, कारण परतताना धान्य वाटून टाकता येते आणि ओझे उरत नाही. भिगवणला उजनीच्या पाणपसाऱ्यावर होडीतून रोहित पक्षी टिपताना तर बीन बॅगही फारशी चालत नाही. होडी स्वतःच हलते, म्हणून हातात धरण्याजोगी १००-४०० सारखी लेन्स, शटरचा वेग एक-दोनहजारांश सेकंदाच्या आसपास, आणि होडीच्या काठाशी शक्य तितके खाली झुकून पाण्याच्या पातळीशी नेलेली नजर, एवढे साधले म्हणजे पुरे. माळरानावरच्या चिंकाऱ्यांना वाहनाची सवय असते पण माणसाच्या पायांची नसते. दरवाजा उघडून खाली उतरणाऱ्याचे अंतर क्षणात दुप्पट होते.

निसर्गदृश्याच्या लेन्सकडे वळताना सर्वप्रथम अतिरुंद लेन्सच्या स्तोमाची कैफियत ऐकली पाहिजे. १४-२४ किंवा १६-३५ ही लेन्स नसेल तर निसर्गदृश्य होतच नाही, हा समज परदेशी पर्वतांच्या चित्रांनी आपल्याकडे रूढ केला. तेथे पायाशी हिमनदीचा भेगाळ बर्फ आणि समोर शिखर असते, म्हणून ती लेन्स शोभते. सह्याद्रीचे रूप वेगळे आहे. लाव्ह्याचे थरावर थर बसून झालेला हा पर्वत आडव्या रेघांचा आहे; हरिश्चंद्रगडावरून किंवा राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून पहाटे दिसतात त्या एकामागे एक फिक्या होत जाणाऱ्या डोंगररांगा, आणि १६ मिलिमीटरने त्या टिपल्या तर चौकटीच्या मध्यावर बोटभर जाडीची निळसर पट्टी आणि वरखाली रिकामे आकाश व रिकामी जमीन, एवढेच हाती लागते. तेथे ७०-२०० किंवा वन्यजीवांसाठी घेतलेली १००-४००च बाहेर काढावी. रायगडाच्या बाजूने दिसणारा लिंगाण्याचा सुळका, नाणेघाटातील नानाचा अंगठा, पावसाळ्यात ढगांतून क्षणभर डोके वर काढणारा एखादा बुरूज, ही सर्व १०० ते ३०० मिलिमीटरची चित्रे आहेत. अतिरुंद लेन्सचा मान राहतो तो सांधण दरीसारख्या अरुंद घळीत, लेण्यांच्या तोंडाशी, आणि रात्रीच्या आकाशगंगेसाठी. बाकीच्या कामाला २४-७० किंवा २४-१२० पुरते.

कासच्या पठारावर तर अंतराचा प्रश्न नीतीचाही होतो. हे पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले, आणि भाद्रपदात जांभ्याच्या पातळ मातीवर सीतेची आसवे, गेंद आणि कवल्याची पिवळी फुले गालिच्यासारखी पसरतात. त्यांचे रुंद लेन्सचे प्रसिद्ध चित्र घ्यायचे म्हणजे लेन्स फुलापासून वीतभर अंतरावर न्यावी लागते, आणि फुलापर्यंत पोहोचण्यासाठी शेकडो रोपे पायाखाली तुडवावी लागतात. नेमून दिलेल्या वाटेवर उभे राहून १५०-२०० मिलिमीटरने तिरप्या कोनातून टिपलेला फुलांचा पट्टा अधिक घनदाट दिसतो, कारण फुलांमधील मोकळ्या जागा त्या कोनातून झाकल्या जातात. येथे नियम आणि कला यांच्यात विरोध नाही, ही भाग्याचीच गोष्ट म्हणावयाची.

छिद्राविषयी एकच सूचना करतो. खोलवर सुस्पष्टता हवी म्हणून एफ/२२ लावण्याची जुनी खोड अजून पुष्कळांना आहे. इतक्या लहान छिद्रातून जाताना प्रकाशाचे विवर्तन होऊन सारेच चित्र किंचित मऊ पडते. पूर्ण फ्रेमवर २० मिलिमीटरच्या लेन्सला एफ/११ वर सव्वा मीटरच्या सुमारास फोकस केला असता साठ सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सर्व काही पुरेसे स्पष्ट येते. त्यापुढे छिद्र आवळण्याने तोटाच अधिक.

फिल्टरांच्या राज्यात मात्र गेल्या पंचवीस वर्षांत मोठी बेदखली झाली आहे. फिल्मच्या काळात फिल्टर ही छायाचित्रकाराची निम्मी विद्या होती. योसेमिटीतील हाफ डोम या कड्याचे आन्सेल अ‍ॅडम्स यांनी १० एप्रिल १९२७ रोजी घेतलेले चित्र याची साक्ष देते : प्रथम त्यांनी पिवळा फिल्टर लावून चित्र घेतले, पण आकाश मनात होते तितके काळेकभिन्न येणार नाही हे उमगताच उरलेल्या अखेरच्या काचेवर गडद लाल फिल्टर लावून दुसरे घेतले, आणि तेच अजरामर झाले. आज हे काम रंगीत कच्च्या फाइलीवर संगणकात, घरी बसून, हवे तितक्या वेळा करता येते. सबब पिवळा, नारिंगी, लाल, तसेच रंगतापमान सुधारणारे सर्व फिल्टर संग्रहालयात जमा झाले. यूव्ही फिल्टरची स्थितीही तीच. फिल्मला अतिनील किरणांची बाधा होत असे. संवेदकावर ते अडविणारा थर मुळातच असतो. दुकानदार लेन्सबरोबर तो अजून गळ्यात मारतो, ‘काच सुरक्षित राहते’ असे सांगून. समुद्राच्या खाऱ्या तुषारांत आणि रेतीच्या वाऱ्यात ती सबब ग्राह्य आहे. एरव्ही लेन्सचे हूडच धक्क्यापासून अधिक रक्षण करते. लांब लेन्ससमोर तर स्वस्तातली सपाट काच लावणे हा शुद्ध अपव्यय आहे, कारण तिच्यातील बारीकसारीक दोष ६०० मिलिमीटरला मोठे होऊन दिसतात.

या बेदखलीतून ध्रुवीकरण करणारा फिल्टर, म्हणजे पोलरायझर, तेवढा आपल्या हक्काने टिकला आहे. प्रकाश कोणत्या प्रतलात कंप पावतो याची नोंद संवेदक ठेवीत नाही. म्हणून पाण्यावरील किंवा पानावरील चकाकी एकदा चित्रात उतरली, की तिच्याखाली काय होते हे कोणतेही सॉफ्टवेअर खात्रीने सांगू शकत नाही. या तत्त्वाचा एक सुंदर दाखला मुंबईच्या किनाऱ्याशी निगडित आहे. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन ‘नारकुंडा’ बोटीने विलायतेहून परतत असता त्यांनी निकोल प्रिझममधून समुद्राकडे पाहिले, पृष्ठभागावरून परावर्तित होणारे आकाश त्या योगे दूर केले, आणि तरीही पाण्याची निळाई कायम असल्याचे पाहून ती आकाशाची उसनवारी नसून पाण्याच्या रेणूंनी केलेल्या विकिरणाची आहे असा निष्कर्ष काढला. तद्विषयीचे टिपण त्यांनी मुंबई बंदरातूनच धाडले. आपण पोलरायझरचे कडे फिरवितो तेव्हा हेच करीत असतो. पाण्याच्या पृष्ठभागाशी काढलेल्या लंबापासून सुमारे ५३ अंशांच्या कोनात पाहिले असता चकाकी सर्वाधिक मरते, आणि आकाश सूर्यापासून ९० अंशांच्या दिशेला सर्वाधिक गडद होते. याच कारणाने अतिरुंद लेन्सवर पोलरायझर लावल्यास आकाशाच्या एका भागात गडद डाग पडल्यासारखा दिसतो, आणि तो नंतर पुसता पुसत नाही.

आपल्याकडे निळे आकाश अधिक निळे करण्यापेक्षा पोलरायझरचा खरा उपयोग पावसाळ्यात, ढगाळ उजेडात आहे, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. आंबोलीच्या किंवा महाबळेश्वरच्या रानात प्रत्येक ओले पान आकाशाचा पांढुरका तुकडा पाठीवर घेऊन उभे असते; कडे अर्ध्यापर्यंत फिरवावे आणि तो पांढरेपणा ओसरून हिरव्याच्या दहा छटा उमटताना डोळ्यांनी पाहाव्या. ओल्या काळ्या कातळाचेही तेच होते. मात्र इंद्रधनुष्य दिसल्यास कडे जपून फिरवावे, कारण त्याचा प्रकाश इतका ध्रुवीकृत असतो की एका स्थितीत ते जवळजवळ नाहीसे होते. उन्हाळ्यातील विदर्भाची धूळ मात्र पोलरायझरला दाद देत नाही. तिचे कण मोठे असून त्यांनी विखुरलेला प्रकाश फारसा ध्रुवीकृत नसतो. आणि या फिल्टरची फी आहेच : दीड ते दोन स्टॉप. वाघासमोर तो काढून ठेवावा. डबक्यातल्या बेडकासमोर लावावा.

अर्धा गडद, अर्धा पारदर्शक असा ग्रॅज्युएटेड एनडी फिल्टर क्षितिज सरळ असेल तेथेच न्याय करतो. कोकणचा समुद्र पश्चिमेला, सूर्य त्यात बुडतो, क्षितिज पट्टीने आखल्यासारखे. तेथे तो अजून उपयोगी आहे. घाटावर मात्र प्रत्येक सुळका क्षितिजरेषेच्या वर घुसतो आणि फिल्टरच्या काळोखात त्याचा माथा विनाकारण जळका दिसतो. तेथे दोन निरनिराळ्या उजेडांची चित्रे घेऊन ती जोडणे किंवा आजच्या संवेदकांच्या तेरा-चौदा स्टॉपांच्या आवाक्यावर भिस्त ठेवणे बरे. सर्वांगी गडद एनडी फिल्टर वेळ लांबविण्यासाठी असतो : दहा स्टॉपचा लावला की एक-तीसांश सेकंदाचे चित्र ३४ सेकंदांचे होते. यालाही संगणकात पूर्ण पर्याय नाही. पण वेंगुर्ल्याच्या लाटांचे अर्ध्या मिनिटात धुके करून टाकणारी जी चित्रे आज सर्वत्र दिसतात, त्यांत समुद्र कोणत्या गावचा हे ओळखू येत नाही. लाट फुटून परत ओढली जातानाच्या पांढऱ्या रेघा अर्धा ते दोन सेकंदांत येतात, आणि त्यासाठी तीन किंवा सहा स्टॉपचा फिल्टर पुरतो. पावसाळ्यातल्या रानओढ्यावर तर तोही लागत नाही. आयएसओ ६४, एफ/११ आणि पोलरायझर एवढ्यावर झाडीच्या काळोखात अर्धा सेकंद सहज मिळतो. गडदपणा कमीजास्त करता येणारे व्हेरिएबल एनडी रुंद लेन्सवर आकाशात फुलीसारखी काळी खूण उमटवितात. चलच्चित्रवाल्यांना ते लखलाभ असोत.

खरेदी करताना आपल्या लेन्सेसपैकी सर्वांत मोठ्या व्यासाचा, बहुधा ७७ किंवा ८२ मिलिमीटरचा, एक उत्तम पोलरायझर घ्यावा आणि लहान लेन्सना स्टेप-अप रिंग लावून तोच वापरावा. मोठ्या प्राइम लेन्सना पुढून फिल्टर लागतच नाही. त्यांच्या मागच्या अंगाला खाच असते आणि तेथे लहान फिल्टर सरकवितात. उरला प्रश्न जतनाचा, आणि कोकणपट्टीत राहणाऱ्याला तो खरेदीइतकाच महत्त्वाचा आहे. आषाढ-श्रावणातील दमट हवेत चामड्याच्या पेटीत बंद करून ठेवलेल्या लेन्समध्ये बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात, आणि एकदा त्यांनी काचेवरच्या लेपात मूळ धरले की साफ केल्यावरही डाग राहतो. सिलिका जेल पावसाळ्यात वारंवार तापवून कोरडे करून घ्यावे. जमल्यास आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांवर राखणारे विजेचे कपाट घ्यावे, जे आता एका बऱ्या पोलरायझरच्या किमतीत मिळू लागले आहे. आणि ज्याच्याकडे तेही नाही त्याने पावसाळ्यात लेन्स वरचेवर बाहेर काढून वापरीत राहावे, कारण काळोखात, बंद हवेत, महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या काचेलाच बुरशी आधी गाठते.